हॉस्टेलची ज्वारी

परवा आमच्या घरी काय झालं, सांगते. गुलबर्ग्याच्या हॉस्टेलात शिकून गेलेली मुलं सुगी झाली की जुन्या सोबत्यांच्या घरी फिरून हॉस्टेलसाठी ज्वारी गोळा करतात. माझा थोरला भाऊ अण्णाही तिथलाच. तो पावसाळ्यात तापानं वारला, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“मावशी, अण्णा कुठं गेला?” एकानं दारातच विचारलं. “एकटा चौघांच्या भाकरी खायचा. वसूल करायला आलाव!”

कित्येक दिवसांनी आई हसली. “अजून काय करायचा?” असं विचारत विचारत तिनं पोतं भरून दिलं.

निघताना तोच मुलगा म्हणाला, “हॉस्टेलला येऊन जा म्हणावं त्याला.”

“सांगते,” आई म्हणाली.

ते गेल्यावर मी विचारलं, “आई, खरं कामून सांगितलं न्हाईस?”

“त्यांच्या मनात त्यो अजून जेवायलाय. जेवू दे.”