खंडेनवमीचा संगणक

आमच्या पहिल्या संगणकाच्या पूजेचे तुम्हाला सांगायचे राहिलेच. तत्त्वज्ञानात एम.ए. करून मी परभणीच्या सरकारी संगणक केंद्रात तात्पुरता लागलो होतो. खंडेनवमीला मी यंत्राची भक्तिभावाने पूजा केली. कुंकू फ्लॉपीच्या फटीत गेले आणि यंत्र बंद पडले.

आमचे अभियंते देशमुख कडाडले, "गुरुजी, तत्त्वज्ञान शिकलात न् मशीनला कुंकू चारायलात? कलेक्टरसाहेब मशीनवरची मतदारयादी बघायला यायलेत. तुमची नोकरी गेलीच समजा!"

तेवढ्यात साहेब आलेच. "दाखवा यादी."

एरवी देव न मानणाऱ्या देशमुखांनी चटकन हात जोडले. "साहेब, पूजलेलं हत्यार आज चालवत नसतात."

साहेबांनी बूट काढून यंत्राला नमस्कार केला. "बरोबर आहे. दसऱ्यानंतर पाहू."

खोटे बोलणे मी पाप मानतो. परंतु देशमुखांच्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.