मेलेल्या कलमांची वही

(भिंतीआडच्या जुन्या बागेतलं व्यापाऱ्याचं घर, आता लोक ते बघायला येतात. स्वयंपाकघरात दोघी बहिणी. दाराची कडी वाजते.)

धाकटी : कडी नको लावूस, ताई. माझी चिमणी पलीकडे दफ्तराच्या खोलीत पाट्या वाचतेय.

ताई : लोक घुसतात गं मधेच. घर दाखवता दाखवता घसा बसला माझा. तू बघितलंस का सगळं?

धाकटी : बघितलं. काचेच्या पेटीतली वहीपण बघितली.

ताई : कुठली? इथे ढीगभर वह्या आहेत.

धाकटी : बाबांची. पावसात भिजून लगदा झाली म्हणालीस, ती. आठ दिवस रडले मी. आणि तू पाठीवरून हात फिरवत होतीस!

ताई : हळू बोल.

धाकटी : शेजारी चिठ्ठी आहे, ‘प्रमुख माळ्यांनी जगवलेली कलमं’. म्हणजे भावोजींनी! कुंडीतला मोगरा तरी जगलाय का कधी त्यांच्या हातून?

ताई : नाहीये त्यांच्या हाताला गुण, मान्य. पण यांना ही माळ्याची नोकरी हवी तर काहीतरी दाखवायला नको? बाबा तर गेले. त्यांना आता नाव घेऊन काय करायचंय?

धाकटी : तीस वर्षं या बागेच्या चार भिंतींत खपला तो माणूस. नावाशिवाय होतं काय त्यांच्याकडे?

ताई : तू लग्न करून सुटलीस. त्यांचं दुखणं कुणी काढलं?

धाकटी : तू काढलंस. म्हणून तर तुझा शब्द खरा मानला. वही मागितली असतीस तर हसत दिली असती मी. आणि नेलीस ती नेलीस, वाचायची तरी! जगलेलं झाड बाबा कधी लिहायचेच नाहीत. ‘जगलंय ते दिसतंय की भिंतीलगत,’ म्हणायचे. वहीत फक्त मेलेली.

ताई : फक्त... मेलेली?

धाकटी : पानन् पान. कुठलं कलम, कधी गेलं, आपलं काय चुकलं.

ताई : अगं बाई! यांनी तर त्यातली नुसती नावं वाचून भाषण ठोकलं पाहुण्यांसमोर. हे बघ, तू... कुणाला सांगणार नाहीस ना?

धाकटी : एवढंच सुचलं तुला, ताई?

चिमणी : (धावत येऊन) आई! मी सगळ्या पाट्या वाचल्या. व्यापाऱ्याचं नाव आहे, काकांचं आहे, घोड्याचंसुद्धा आहे! आई, आजोबा खरंच इथे होते का गं?