ओसरीवरचे लिंकनसाहेब

१८७७ चा एप्रिल. लुइझियानातल्या धक्क्यावर दाट धुकं होतं. निळ्या कोटांतले सरकारी शिपाई बोटीत चढत होते. मी पुढच्या बोटीच्या रांगेत होतो; मागे गुलामीतून सुटलेलं एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“काल पुन्हा लिंकनसाहेब स्वप्नात आले, टेम्पी. ओसरीवर बसले. बोलले मात्र काही नाहीत.”

“काय बोलतील? त्यांचं चित्र बघून तुम्ही मताची चिठ्ठी पेटीत टाकलीत. खाली नावं जुन्या मालकाच्या पक्षाची.”

“मला वाचता कुठं येतं? चित्र तर त्यांचंच होतं.”

“म्हणून तर छापलं त्या लबाडांनी.”

“हळू बोल. हिवाळाभर डोळ्याला डोळा नाही. वाटायचं, माझ्यामुळं लिंकनसाहेबांच्या पक्षाचे आपले हेजसाहेब निवडणुकीत पडणार.”

“पडले कुठं? वॉशिंग्टनात निकालावरून महिनोन्‌महिने भांडणं चालली आणि झाले की अध्यक्ष.”

“झाले. त्या दिवशी मी पोटभर रडलो.”

“मग हे शिपाई कुठं निघाले? जुन्या मालकांपासून आपली राखण कोण करणार?”

“त्यांना परत बोलावलंय.”

“कुणी?”

“हेजसाहेबांनी.”

बोटीचा भोंगा वाजला. धुक्यात निळे कोट दिसेनासे झाले.

“अहो, आज लिंकनसाहेब आले तर त्यांना आत घ्या. ओसरीवर बसणं आता बरं नाही.”