कोठा कसा?

— दोन बैल, एक गाय अन् एक गोऱ्हा? वा पाटील, वा! ऐकलं का हो सगळ्यायनं? अहो, मी कोठा विचारला, ढोरं नाई विचारली! ढोरं बांधता तो कोठा नाई बाप्पा, पोटातला कोठा. सकाळी परसाकडं साफ होते का नाई, जड हाये का हलका, हे विचारून राहिलो मी. वैद्यबुवाच्या कागदावर तसं छापलंच हाये, हे पाहा — नाव, गाव, वय, कोठा. अन् तुम्ही सांगता गोऱ्हा. लिहू काय इथं, गोऱ्हा? सावनेरकडचे न? वाटलंच. मी बी तिकडचाच, पण वीस वर्षं झाले या सीताबर्डीत याच टेबलावर बसून पुड्या बांधतो, लोकायचे पोटं ऐकून ऐकून कान किटले माझे.

अन् गावचेच अडाणी असं नका समजू. शहरातले तर त्याहून वरचे. तो पाहा टोपीवाला, पलीकडच्या बाकावरचा — रिटायर बाबू. तीस वर्षं खुर्चीवर बसला, आता घरात बसते. तोंडात दात उरले चार, अन् दर रविवारी सावजीचा रस्सा पाहिजे, वर बोटभर तेल. मी म्हटलं, काहो, पंचविशीतलं पोट आता कुठून आणाल? तर म्हणते, चूर्ण द्या न! जसं काही चूर्ण म्हणजे मोरीत ओतायचं फिनाईल. अरे, वय झालं का पोटातली आग मंद होते, यात समजाले काय कठीण हाये? दोन भाकरीच्या ठिकाणी एक खा. दिवेलागणीच्या आत जेवून घ्या. ताक प्या, जेवल्यावर जरा चाला, दात नसतीन तर भाकर वरणात कुस्करून खा. कोणी करते? कोणीच नाई करत! ठेचा सुटत नाई, बिडी सुटत नाई, अन् सकाळी संडासात पेपर घेऊन तासभर बसतीन, बाहेर सून पाण्याची बादली घेऊन ताटकळत उभी. असे लोक! यायच्या पोटाची चौकशी करता करता माझं आयुष्य गेलं.

काय? काय म्हटलं? वैद्यबुवाले नाई भेटत? नुसती पुडी द्या, जातो? काहून? सकाळच्या एस.टी.नं निघाले, दोन तासापासून इथं बसून हा, अन् आता नंबर आला तर जातो? लोक हासले म्हणून? हासणारच न लोक! मी बी हासलो. मी तर — बसा. बसा म्हणतो न खाली.

माझा लहान भाऊ होता, गोविंदा. मी इकडं आलो, तो वावर पाहत राहिला. सदुसष्ट साली आला इथं, याच बाकावर बसला. मीच कागद घेतला, मीच विचारलं, कोठा कसा? तर म्हणते, "दादा, गळून राहिला, यंदा कवेलू टाका लागते." कवेलू! ढोराच्या कोठ्यावरची कौलं! कंपाउंडरच्या सख्ख्या भावाचं हे उत्तर! असा हासलो मी, असा हासलो — उभं राहून सगळ्या व्हरांड्याले सांगितलं. तो बी हासला. मग म्हणे, पुडी दे दादा, जातो, वावरात काम पडलं हाये. दिली. दारातून परत फिरला, तोंड उघडलं, तर मी म्हटलं, काय गा, बैलाले बी पुडी पाहिजे काय? गेला मग. तो किस्सा मी येईल त्याले सांगितला, दोन-चार वर्षं तरी — नाई, वर्षं कुठची. दिवाळीपर्यंत. दिवाळीत तो गेला न.

तेरवीले त्याची बायको म्हणे, वच्छला — भाऊजी, सहा महिन्यापासून परसाकडं काळं पडत होतं, डांबरावाणी. तेच सांगाले आले होते तुमच्याकडं. मी म्हटलं, मग सांगितलं काहून नाई? तर म्हणे, मी बी तेच विचारलं, तर म्हणाले, तिथं लोक हासतात. लोक! "दादा हासला" नाई म्हटलं त्यानं. लोक म्हटलं. अन् मी त्याच्यानंतर बी सात वर्षं हेच विचारून राहिलो, कोठा, कोठा. छापलं हाये म्हणून.

— ओ टोपीवाले! काय दात दाखवून राहिले? चारच तर हायेत! चूप बसा.

हं, आता सांगा. हळू सांगा, इकडं कानात सांगा. ... केव्हापासून? ... पोळ्यापासून? अन् घरी कोणाले बोलले? ... बायकोले बी नाई? वा. शाबास. पुडीसाठी हात काय पुढं करता? पुडी नाई भेटत. जा, नाई देत मी. नंबर गेला चुलीत, टोपीवाला बसल अजून घटकाभर. हा कागद घे, आत जा, अन् मले सांगितलं तसंच बुवाले सांगजो, एक शब्द गाळजो नको. मोठ्या दवाखान्यात जा म्हणतीन तर आजच जाजो, बैल काही मरत नाई एका दिवसात. उठ न गा! माझ्या तोंडाकडं काय पाहून राहिला?

चला, पुढचं कोण? या. नाव? गाव? ... वय? ... अन् — पोट कसं हाये?