रुमालावरचा क्रूस

"जगाचा उद्धार त्यागानंच होतो," असं याकोबराव वडवणी-बीड गाडीत सांगत होते. सांगताना ते मुक्ताबाईंच्या रुमालावर बसले होते. जागा धरायला मुक्ताबाईंनी तो खिडकीतून टाकला होता. आता गाडी भरली होती आणि त्या समोर उभ्या होत्या.

"रुमाल माझा हाय, दादा."

"दिसला न्हाई बाई. हातात हा क्रूस. कारभारणीच्या कबरीवर लावायचाय."

"आगं माय. कवा गेली?"

"दिवाळीच्या आधी. तिलाबी खिडकीच लागायची."

"पण ज्याच्यावर तुमच्या देवाला मारलं, तेच तिच्या उशाला कावून लावता? आमी असलं लाकूड चुलीत घातलं असतं."

"मारलं, पण तिसऱ्या दिशी उठला की. म्हणून क्रूस रिकामा हाय, बघा. तिथं मरण हारलं, त्याची ही खूण."

"आन् जीव दिला तो कुणासाठी?"

"दुसऱ्यांसाठी. सोताकडं काईच ठिवलं न्हाई."

"समद्यांसाठी?"

"समद्यांसाठी."

"वडवणीवाल्यांसाठीबी?"

"त्यांच्यासाठी तर आधी."

"मी वडवणीचीच हाय. गुडघे लई दुखतेत."

याकोबरावांनी क्रुसाकडं पाहिलं, मग रुमालाकडं, आणि उठले. मुक्ताबाई बसल्या, रुमाल झटकून कमरेला खोचला.

"कारभारीण नशीबवान होती, दादा."

"ती असं कदीच म्हणली न्हाई."

गाडी सुटली. पहिल्याच खड्ड्यात याकोबराव दोनदा हिंदकळले.

"बाई, क्रूस तेवढा मांडीवर घेता का? मला दांडी धरायचीय."