अस्वल पकडत नाही

नाही नाही, चहा नंतर, एलमुरोद — आधी तो कंट्रोलर हातात घे आणि अस्वल निवड. आमचा हमदम नेहमी अस्वलच घेतो, तू त्याचा लहानपणचा मित्र, तुला काय सांगायचं! हसू नकोस. माझ्या वयाच्या बायका इथं कोकंदमध्ये सुनांशी भांडतात, मी कोरियात कामाला गेलेल्या लेकाशी टीव्हीवरच्या खेळात मारामारी करते — तर काय झालं? फोनवर तो बोलतो काय? ‘आई, जेवलो. आई, थंडी आहे.’ संपलं. पण खेळात उतरला की कसा गडगडाटी हसतो, चिडवतो — ‘आई, लाटणं आण, लाटणं!’ म्हणून शिकले बाई. आणि त्या अस्वलाला हरवणं म्हणजे खायचं काम नाही हं. आपण त्याच्या अंगावर धावून गेलो की मेलोच — असं कवटाळून आपटतं की निम्मा जीव तिथंच. उड्या मारायच्या नाहीत. खाली बसायचं, वाट बघायची — त्याची मिठी हुकली की पाठ उघडी पडते, तेवढ्यात पायावर एक हाणायची आणि मागं सरायचं. हाव धरली की खेळ खलास. ही सगळी अक्कल त्यानंच दिली, आणि तरी मी आपली मारच खात होते.

आणि आता बघ, जिंकतेय! पहिल्यांदा जिंकले तेव्हा तंदूर पेटवून समोसे लावले, गल्लीभर वाटले — तुझ्या आईनंही खाल्ले, विचार तिला. मग पुन्हा जिंकले. पुन्हा. आता रोजच जिंकते, आणि घास गोड लागत नाही. का? अरे, अस्वल मला पकडतच नाही! मागं सरतं, पुढं येतं, एक लाथ मारतं — बस. मला वाटलं, म्हातारीची कीव करतोय. भांडले. ‘नाही गं आई, तूच तरबेज झालीस,’ म्हणाला. खोटं! पोटच्या पोराचा आवाज मला कळत नाही होय?

म्हणून तुला बोलावलं. तसं खेळून दाखव — पकड नाही, ठोसा नाही, नुसतं मागंपुढं आणि ती लाथ. हं… अस्सं. अगदी अस्संच! ही कुठली चाल रे? काय म्हणतात हिला? बोल की — थांब. एलमुरोद, तुझा उजवा हात मांडीवर का? नाही, उचलू नको. तसाच ठेव. चालायचं डाव्या अंगठ्यानं. लाथेची कळ डाव्या बोटाखाली. आणि ठोसा — पकड — ते सगळं उजव्या हाताचं.

म्हणजे फोनचा कॅमेरा बिघडलाय, बिघडलाय म्हणत तोंड दाखवत नाही, ते… कारखान्यात पत्रे कापायच्या यंत्रावर आहे ना तो? तुला ठाऊक होतं. खाली काय बघतोस? शपथ घातली असेल त्यानं, आईला सांगायचं नाही म्हणून. आणि तू नाहीच सांगितलंस — नुसता हात मांडीवर ठेवलास. आणि मी समोसे वाटले रे. तिकडं लेकरू एका हातानं खेळतंय, आणि मी इथं गल्लीभर समोसे —

फोन. त्याचाच. ऊठ तू, घरी जा — आवाज ऐकला तर म्हणेल तूच फोडलंस. जा म्हणते ना! दार ओढून घे.

हं, हमदम. हो रे, बरी आहे. नाही, आज खेळायचं नाही. कॅमेरा लाव. बिघडलेला असू दे. लाव, बाळा.