घोव घराक इलो

माजा म्हायार कसालच्या बाजूक, बापूस भातशेती करी, काजीची झाडा होती, आणि समुद्र कसो असता ता माका ठावकच नाय होता. लगीन झाला आणि एकदम विजयदुर्गाक खाडीच्या काठार इलंय. माजो घोव, तुम्ही शहरातली माणसा नवरो म्हणतात तो, बोटीवर भंडारी होतो, म्हणजे खलाशांचा जेवण रांदणारो. वर्साचे बरेचसे म्हयने दर्यार. काय सांगू तुमका, घराक येय तेवा सोयरो इल्यासारखा वाटी. मी आंबोळी करी, मासे करी, तो खाय, बरा झाला म्हणी आणि परत बॅग भरूक लागी. चेडू, म्हणजे मुलगी, झाला, मोठा झाला, लगीन होवन पुण्याक गेला, तरी आमची दोघांची वळख अशी झालीच नाय.

मगे तो कायमचो घराक इलो आणि झगडी सुरू. कित्या म्हणशात, तर माज्या रांदणीत घुसाक लागलो. डबे हय नको, थंय ठेव, आमटीत मीठ जास्त झाला. मी म्हटलंय, इतकी वर्सा हय मी एकटीन रांदलंय, तेवा कोण सांगूक नाय इलो. तर म्हणालो, मीय थंय एकटोच होतंय गो. मी तोंड फिरवलंय, पण ता बोलणा आत खंयतरी रवला.

आणि एक दिवस तेका अर्धांगाचो झटको इलो. उजवो हात गेलो, वाचा गेली. डॉक्टर म्हणालो, जीव वाचलो ह्याच खूप समजा. घर एकदम गप. मी तेका न्हाणवलंय, भरवलंय, आणि मनात एकच भय, ह्या माणसाची वळख होवची रवली ती आता रवलीच.

तशातच एकदा बांगड्याची आमटी केलंय. तेणां एक घास घेतल्यान आणि ताट बाजूक सारल्यान. मीठ दाखवलंय, नाय. कोकम दाखवलंय, नाय. माका राग इलो, म्हटलंय, मगे काय होया तुमका, बोला तरी. आणि बोलान झाल्यार जीभ चावलंय. तो उठलो. भिंत धरून, पाय ओढीत रांदणीत गेलो, मी मागसून, पडात म्हणान दोनय हात फुडे करून. डाव्या हातान फळीवरची तिरफळांची बरणी काढल्यान आणि माज्याकडे दिल्यान. मसाल्याची तिरफळा, बांगड्याक ती होयीच, आणि ती घालूक काळजीत माज्या ध्यानातच रवला नाय होता! ठेचून घातलंय, एक कढ काढलंय, घरभर वास सुटलो. तेणां बोट बुडवून चाखल्यान आणि हसलो बाय, अर्ध्या तोंडान, पण हसलो. मी थंयच जमनीर बसान रडलंय. तेणां डावो हात माज्या डोक्यार ठेवल्यान.

तेवापासून मी तेका बघूक शिकलंय. चायत पाव बुडवल्यार डोळे मिटता. पडवीत बसलेलो असता आणि कावळो इलो तर सरकान तेका जागा देता, खराच, माणसाक द्यावी तशी. खाडीत होडी वळली की ह्येचो पाय हलता. कोणाक सांगण्यासारखा ह्यात काय नाय, पण माजो दिस ह्यानच भरता.

गेल्या आयतवारी आमी दोघा पडवीत होतो. आंब्याची पाना हलली आणि तो म्हणालो, वारो. मी म्हटलंय, काय? परत म्हणालो, वारो सुटलो. साफ! मी धावत जावन चेडवाक फोन केलंय, म्हटलंय, बाबा बोलले. ता रडाकच लागला, काय बोलले, माजा नाव घेतल्यानी? म्हटलंय, नाय गो, वारो सुटलो म्हणाले. ता म्हणाला, आये, इतक्याच? मी म्हटलंय, अगो, पण खराच सुटललो.

हसतात काय? हसा, हसा. देव तुमका असाच हसत ठेवांदे. आणि चाय घेतल्याशिवाय उठायचा नाय हां.